टाळ्या पुरे, गिऱ्हाईक दाखवा

आमच्या शहरात सध्या एका शब्दाची साथ आली आहे. तो शब्द 'स्टार्टअप'. कॉलेजांच्या कमानींवर तो आहे, पुढाऱ्यांच्या भाषणांत आहे, शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत आहे. आणि परवा तर एका लग्नपत्रिकेत वराच्या नावाखाली 'बी. ई., स्टार्टअप' असे छापलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पूर्वी त्या जागी 'मुलगा वालूजला पर्मनंट आहे' असे तोंडी सांगत, आता छापतात. शब्दांवर माझे पोट आहे. दिवसा ते मुलांकडून गिरवून घ्यायचे आणि रात्री कादंबरीच्या निमित्ताने स्वतः गिरवायचे. तेव्हा नवा शब्द आला म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचे मला काही कारण नाही. 'धंदा' म्हटले की आईबाप दचकतात, 'कारखाना' म्हटले की शेजारी हसतात. 'स्टार्टअप' म्हटले म्हणजे पोराला निदान बसायला खुर्ची तरी मिळते. माझे भांडण त्या शब्दाशी नाही. तो ऐकून जे टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर ज्यांचा हात खिशाकडे जात नाही, त्यांच्याशी आहे.

असले समारंभ मी पुष्कळ पाहिले. जुने विद्यार्थी आग्रहाने बोलावतात, आणि मास्तर म्हटला की त्याला पुढच्या रांगेत बसवण्याची आपल्याकडे अजून रीत आहे. दीपप्रज्वलन होते. पहिला वक्ता मलिक अंबरापासून सुरुवात करतो: १६१० साली त्याने खडकी वसवली, डोंगरातले पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात खेळवले, वगैरे. दुसरा वक्ता पाणचक्की काढतो. तिसरा सांगतो की छत्रपती संभाजीनगर हे उद्याचे बंगळूर आहे. मग मुले एकामागून एक व्यासपीठावर येतात आणि पाच-पाच मिनिटांत आपला हुन्नर इंग्रजीत सांगतात. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी ते पाठ केलेले असते. पाठांतर मला लगेच ओळखू येते, तोच माझा व्यवसाय आहे. परीक्षक विचारतात, बाजारपेठ केवढी? पाच वर्षांनी उलाढाल किती? शेवटी दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश, फोटो आणि जेवण. जेवण उत्तम असते. पण 'बाळ, हे तू आजवर कोणाला विकलेस? त्याने पैसे दिले का? किती दिवसांनी दिले?' हे तीन प्रश्न एवढ्या थाटात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. गुलमंडीवरचा दुकानदार आपल्या मुलाला गल्ल्यावर बसवतो तेव्हा पहिल्या दिवशी हेच तीन प्रश्न शिकवतो.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना फराळाकडे वळायचे असेल त्यांना वळता येईल. नव्या धंद्याला जागा लागते, भांडवल लागते, सल्ला लागतो, हे सगळे खरे. पण त्या सगळ्याच्या आधी त्याला गिऱ्हाईक लागते. पहिले, धीराचे, वेळेवर पैसे देणारे गिऱ्हाईक. आणि या शहरात असे गिऱ्हाईक होण्याची ज्यांची ऐपत आहे, ते मोठे कारखाने, सरकारी कचेऱ्या आणि आपण खाऊनपिऊन सुखी असलेली मंडळी, सगळे जण प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवीत आहेत.

कामे काहीच होत नाहीत असे मी म्हणत नाही. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया'ची घोषणा केली, २०१८ साली महाराष्ट्राने आपले धोरण काढले. इथल्या उद्योजकांच्या 'सीएमआयए' या संघटनेने 'मॅजिक' नावाची संस्था उभी करून नवोदितांना हाताशी धरले, आणि विद्यापीठातही उबवणी केंद्र आले. 'उबवणी' हा शब्द मला फार आवडतो. अंड्याला ऊब लागतेच. पण पिल्लू बाहेर पडले की त्याला दाणा लागतो, हे कोंबडीला जितके स्वच्छ कळते तितके आमच्या धोरणकर्त्यांना कळलेले दिसत नाही. त्यांची नजर अजून अंडी मोजण्यावरच आहे. इतक्या पेढ्या नोंदल्या, इतक्या उबवल्या, इतक्यांना बक्षीस दिले. कितींनी माल विकला, हा रकाना कुठे आहे?

आता थोडे जुने सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर होते. (आम्हा मास्तरांच्या नशिबी एवढाच काय तो अभिमान.) ते सोडून त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि पुढे लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता. आणि तो कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे बेळगावच्या जागेवरून उठावे लागले तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात माळरानाची जागा दिली, मदत दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या राजाचे कौतुक आपण करतो ते योग्यच आहे. परंतु मला विचाराल तर खरा मोठा माणूस तो, ज्याने दोन वर्षांनी का होईना, पहिला नांगर विकत घेतला. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याने भाषण केले नाही, फोटो काढला नाही; आपल्या रानाच्या जिवावर त्याने एका अनोळखी माणसाच्या कल्पनेची परीक्षा घेतली आणि रोख पैसे मोजले. दिवाळी अंक वाचणाऱ्यांना हेही सांगितले पाहिजे की त्याच नांगराच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. म्हणजे मराठी मासिकांच्या वैभवाचा एक धागा त्या अनाम शेतकऱ्याच्या धोतराच्या सोग्यात बांधलेला आहे.

हे फार जुने झाले असे वाटत असेल तर आपल्याच वेशीवरचे घ्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाजच्या वालूज कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी याच शहरात 'एन्ड्युरन्स' नावाची एक लहानशी पेढी दोन डाय-कास्टिंग यंत्रांवर सुरू झाली. आज ती देशातल्या मोठ्या सुटे भाग करणाऱ्यांत गणली जाते, परदेशात तिचे कारखाने आहेत, २०१६ साली तिचे समभाग बाजारात आले. १९९० साली तशीच 'व्हॅरॉक' निघाली. काढणारे दोघे जुळे भाऊ, अनुरंग जैन आणि तरंग जैन. त्यांना त्या काळी कोणी स्टार्टअप म्हणाले नाही. पण आज ज्याला आपण तो शब्द लावतो ते याहून वेगळे काय असते? लहान जागा, थोडी यंत्रे, तरुण मालक आणि शेजारी एक प्रचंड गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक नुसते शेजारी नव्हते, नात्यातलेही होते. राहुल बजाज हे या जुळ्यांचे मामा.

हे मी कुचेष्टेने सांगत नाही. मामा कितीही मोठा असला तरी खराब भाग कोणी वर्षानुवर्षे मोटारसायकलीला लावत नाही, आणि मामाच्या जिवावर कोणी परदेशात कारखाने चालवीत नाही. ते त्यांनी कर्तबगारीने मिळवले. मी सांगतो आहे ते निराळेच. कर्तबगारी दाखवायला आधी कोणी तरी दार उघडावे लागते. आमच्या गंगापूर-वैजापूरकडून, फुलंब्री-सिल्लोडकडून, पडेगाव-मुकुंदवाडीतून येणाऱ्या पोरांच्या मामांकडे काय असते? दोन एकर कोरडवाहू, एखादी रिक्षा, फार तर ग्रामपंचायतीत ओळख. एकाच मामाची सोय असलेल्या शहराला भाच्यांची शंभर दुकाने निघावीशी वाटत असतील तर त्याने मामांची संख्या वाढवली पाहिजे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीगत सांगतो. नाव सांगत नाही; ज्या कारखान्याशी त्याची गाठ पडली त्याचेही नाव सांगत नाही. मुलगा वैजापूर तालुक्यातला. वडील शेतकरी. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पास झाला आणि दोन मित्रांना घेऊन त्याने चिकलठाण्यात भाड्याचा गाळा घेतला. ओतकामाच्या भागांत बारीक भोके राहतात. ती शोधायला ट्यूबलाइटखाली चार-पाच माणसे बसवून डोळे फोडून घेतात. दुपारनंतर त्यांचे डोळे थकतात आणि खराब भाग पुढे जातो. या पोरांनी कॅमेरा आणि संगणक जोडून ते काम करणारे यंत्र बनवले. यंत्र चालले. एका मोठ्या कारखान्याने 'ट्रायल'वर लावून घेतले. तीन महिन्यांची ट्रायल नऊ महिने चालली. चाललीच आहे तर कशाला थांबवा! मग खरेदी खात्याने सांगितले की तीन वर्षांचे ताळेबंद आणा. अहो, पेढी दीड वर्षाची! मग सांगितले, व्हेंडर कोड काढा. तो काढायला आणखी चार महिने. त्यानंतर ऑर्डर मिळाली ती नव्वद दिवसांच्या उधारीवर, आणि ते नव्वद दिवस कोणत्या पंचांगाने मोजले ते परमेश्वर जाणे, पैसे हाती आले सातव्या महिन्यात. तोवर आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या होत्या आणि गाळ्याचे भाडे थकले होते. याच काळात त्याला निरनिराळ्या समारंभांत तीन बक्षिसे मिळाली. तिन्ही पुठ्ठ्याचे धनादेश गाळ्यात भिंतीला टेकून उभे होते. पावसाळ्यात पत्रा गळायचा तेव्हा त्यांतला एक आडवा लावून यंत्र झाकत असत. आता तो पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो. पगार चांगला आहे. सुखी आहे, असे त्याची आई म्हणते.

अशा मुलांना आम्ही वर उपदेश करतो: 'चिकाटी ठेवा.' चिकाटी! नव्वद दिवसांच्या उधारीवर चिकाटी ठेवायला पाठीमागे वाडवडिलांची पेढी लागते. ज्याच्याकडे ती आहे तो टिकतो, आणि मग आम्ही म्हणतो की व्यापार त्यांच्या रक्तातच आहे. रक्तात काही नसते, खात्यात असते.

आणि कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी परिषद आहे. तरीही पैसे थकतच राहिले, म्हणून सरकारने २०२३ साली प्राप्तिकराच्या कायद्यात तरतूद केली: सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी खर्च म्हणून वजा होणार नाही. १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली. पण तक्रार करणार कोण? मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध परिषदेकडे गेलेल्या लहान पुरवठादाराची पुढली ऑर्डर कोणत्या टपालाने येईल? सासरच्या तक्रारी माहेरी सांगितल्या तर नांदायला कुठे जायचे, असा हा प्रकार आहे. म्हणून पोरे गप्प बसतात, आणि त्यांच्या गप्प बसण्यालाच वर 'उत्तम व्यापारी संबंध' म्हणतात.

आईबाप भितात त्यालाही कारण आहे. चितेगावच्या व्हिडिओकॉनचे नाव एके काळी घराघरातल्या दूरदर्शन संचावर होते. या भूमीतला माणूस जगाशी टक्कर देतो म्हणून आमची छाती फुगत असे. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. अशा वेळी कायद्याच्या रांगेत पुढे बँका असतात, आणि माल पुरवून पैशाची वाट पाहणारा लहान माणूस त्यांच्या मागे उभा असतो. हे एकदा पाहिलेला बाप आपल्या मुलाला 'बाबा रे, नोकरी बघ' म्हणाला तर त्याला मागासलेला म्हणण्याचा कोणाला अधिकार आहे?

कारखानदारांना एवढे बोललो, आता सरकारकडे वळतो, नाही तर अन्याय होईल. सरकारसारखे गिऱ्हाईक दुसरे नाही. ते खडूपासून धरणाच्या दारापर्यंत सगळे विकत घेते. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी लहान उद्योगांकडून ठराविक वाटा विकत घ्यावाच, असे धोरण २०१२ पासून आहे. आज तो वाटा शेकडा २५ आहे, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ व स्त्रियांसाठी ३ असे पोटभाग आहेत. नवोदितांना पूर्वानुभवाची आणि उलाढालीची अट सैल करता येते, असे केंद्राचे २०१७ चे वित्तीय नियम सांगतात. आणि महाराष्ट्र सरकारने तर एक खरोखरीच शहाणपणाची गोष्ट केली. 'स्टार्टअप सप्ताह' म्हणून जी स्पर्धा सुरू केली, तीत निवडलेल्या पेढ्यांना बक्षिसाऐवजी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कामाचा आदेश देण्याची प्रथा घातली. बक्षीस नाही, काम! घे, हे सरकारी खाते, इथे तुझे यंत्र चालवून दाखव, आणि पैसे ने. ज्या कोणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली असेल त्याला माझा नमस्कार. तो किराणा दुकानदाराचा मुलगा असला पाहिजे.

मग हे मुंबईत होते ते आमच्या महानगरपालिकेत का होऊ नये? जिल्हा परिषदेत का होऊ नये? या शहराइतक्या अडचणी कोणाकडे आहेत! २०१८ साली नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर महिनोन्महिने कचऱ्यात बसले. पैठणला नाथसागर भरून वाहत असताना चार-चार, आठ-आठ दिवस नळाकडे डोळे लावून बसण्याचा अनुभव इथल्या प्रत्येक गृहिणीने वर्षानुवर्षे घेतला आहे. पाणी कुठे गळते, टाकीत किती आहे, व्हॉल्व्ह कोणी केव्हा फिरवला, कोणत्या गल्लीत घंटागाडी गेलीच नाही, ही एकेक अडचण म्हणजे एकेका पोराची पहिली ऑर्डर आहे. मोठी योजना हजारो कोटींची असते, ती मोठ्या कंत्राटदाराकडे जाणार, जावो. पण एका वॉर्डापुरते, दहा लाखांचे, सहा महिन्यांचे काम इथल्या पोरांना देऊन पाहायला कोणता कायदा आडवा येतो? अट क्रमांक सात : 'निविदाधारकास तत्सम कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा.' ही अट ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याला पहिल्या दिवशी नोकरीवर घेताना कोणता अनुभव विचारला होता?

यावर ठरलेले उत्तर येते: 'मास्तर, हे सगळे ठीक, पण आपल्या भागात भांडवलच नाही.' हे उत्तर ऐकले की मला २०१० सालची दिवाळी आठवते. त्या ऑक्टोबरात याच शहरातल्या, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी मिळून एका दमात दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार, त्यातला मोठा भाग बँकेच्या कर्जाचा. देशभर वर्तमानपत्रांत छापून आले. मोटार घेणे पाप नाही. मला कोणी दिली तर मीही बसेन. पण ज्या गावात दीडशे मर्सिडीज एकजुटीने, घासाघीस करून, बँकेला वाकवून घेता येतात, त्या गावात भांडवल नाही आणि एकी नाही हे कोणी मला पुन्हा सांगू नये. एकी आहे. ती मोटार घेताना होते. इथल्या एखाद्या पोराचे यंत्र दहा कारखान्यांनी मिळून घ्यायचे म्हटले की मात्र प्रत्येकाला आधी दुसऱ्याने घेतलेले पाहायचे असते.

आता आपल्या घरात येतो. इथला हिमरू कसा मेला ते आठवा. रेशीम आणि सूत एकत्र विणून केलेले ते कापड, दरबारी लोकांच्या शेरवान्यांचे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, आम्ही मोकळे झालो, फार चांगले झाले. पण शेरवानी शिवणारे ते गिऱ्हाईकही हळूहळू गेले, आणि मागाच्या कापडावर यंत्राची नक्कल आली. विणकरांची बोटे काही एका दिवसात विसरली नव्हती. घेणारे उरले नाहीत म्हणून विणणारे उरले नाहीत. आज हातमागावर हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आणि पैठणी? तिलाही राजाश्रय होता, तोही गेला. तरी ती जगली. येवल्याला जगली, पैठणला जगली. कारण मराठी आईला लेकीच्या लग्नात पैठणी हवी होती. ऐपत नसली तरी भिशी लावून, चार वर्षे पैसे साठवून तिने ती घेतली. कोणतेही धोरण नव्हते, परिषद नव्हती. घराघरातल्या बायकांनी विकत घेऊन एक धंदा वाचवला. त्यांना कोणी गुंतवणूकदार म्हणत नाही!

तीच आई आज मुलीच्या स्थळाबद्दल विचारताना म्हणते, 'मुलगा स्वतःचे काही तरी करतो म्हणे. म्हणजे नोकरी नाहीच ना?' मास्तर या नात्याने माझ्याकडे चौकशा येतात, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही. दिवाळीत सिडकोतल्या घरोघरी पुण्या-बंगळूरची मुले येतात, ओट्यावर चर्चा चालते ती पॅकेजची. त्याच गल्लीत राहून, इथेच चार माणसांना पगार देणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही. त्याच्याकडून एखादी वस्तू घ्यायची वेळ आली तर आपण म्हणतो, 'घरचाच आहे, पैसे सावकाश देऊ.' अगदी हेच तो मोठा कारखानाही म्हणत असतो.

शेवटी बिडकीनचे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी उभी राहते आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पंतप्रधान येऊन गेले. २०२४ साली एथर या विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या कंपनीने आपल्या नव्या कारखान्यासाठी बिडकीनची निवड केली. हिची गंमत अशी की ही स्वतःच कालपरवाची स्टार्टअप. मद्रासच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१३ साली काढलेली. त्याच वर्षी ३१ जुलैला टोयोटा किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींचा सामंजस्य करार केला. नांगराच्या किर्लोस्करांचे नाव असे मोटारीवर बसून आमच्या दाराशी येते आहे, येवो. मला आनंद आहे. मी फटाके उडवणाऱ्यांच्यात आहे.

पण हे करार मी लक्ष देऊन वाचतो. त्यांच्या बातम्यांत गुंतवणूक किती कोटी ते असते, जमीन किती एकर ते असते, नोकऱ्या किती हजार ते असते. या जिल्ह्यातल्या नव्या पेढ्यांकडून माल किती घेणार आणि पैसे किती दिवसांत देणार, हे मात्र नसते. जमीन आपण दिली, पाणी नाथसागराचे दिले, रस्ता दिला. एवढे देणाऱ्याने दोन आकडे मागितले तर तो उर्मटपणा होतो काय? ते आकडे छापायला नवे खातेही लागणार नाही. प्रत्येक कारखान्याच्या फाटकाशी एक पाटी असते, 'आजपर्यंत अपघाताविना इतके दिवस', आणि तिच्यावरचा आकडा रोज सकाळी बदलायला एक माणूस नेमलेला असतो. त्या पाटीच्या खाली पुष्कळ जागा रिकामी असते. तिथे लिहावे : पाच वर्षांहून लहान अशा स्थानिक पेढ्यांकडून या तिमाहीत घेतलेला माल, रुपये इतके, पैसे दिले, सरासरी इतक्या दिवसांत.